मावशीचं घर समोरच आहे

मी ठरवलं की ठरवलं. आमच्या भागातला एकही माणूस यापुढे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणार नाही. मी मोटार शिकवणारा मास्तर. आठवडाभर लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे रस्त्यावरची संकटं मीच तयार करून सोडतो. तेव्हा रविवारी त्याच संकटांपासून वाचायला शिकवणं हे माझं कर्तव्यच नाही का?

"म्हणजे साप पाळायचे आणि मंत्रही आपणच द्यायचा," आई म्हणाली.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय वर्ग तिच्यासाठीच होता.

कारण:

आईची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, समोरच्या इमारतीत राहते. मधे रस्ता. रुंद केल्यापासून त्याची नदी झाली आहे. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. "ताई, तुझा टॉवेल दोरीवरून पडतोय बघ." गुडघा बदलल्यापासून आई एकदाही तिकडे गेलेली नाही. मी हात धरून नेतो म्हटलं, तर म्हणाली, "मी काय पिशवी आहे? जाईन तर माझी मी जाईन, नाहीतर जाणार नाही."

(थांबा. उजवीकडे बघा. डावीकडे बघा. पुन्हा उजवीकडे. आता पुढचा परिच्छेद वाचायला हरकत नाही.)

रस्ते खात्याच्या इंजिनीअरबाईंच्या मी हात धुऊन मागे लागलो. अखेर त्यांनी आमच्या दारासमोर कच्च्या रंगाचे पांढरे पट्टे मारून दिले.

"शनिवारी मी स्वतः पलीकडे उभी राहून बघणार. लोक पट्ट्यांपाशी येतात का आणि वाहनं त्यांच्यासाठी थांबतात का. थांबली तर पक्के पट्टे आणि सिग्नल. नाहीतर हेही पुसून टाकू."

वाहनं थांबतात का. एवढंच.

मी इमारतीच्या पार्किंगमध्ये खडूने पट्टे आखले आणि वर्ग सुरू केला. बहुतेक जण आईच्या वयाचे. सायकलवाल्यांचे प्रतिनिधी म्हणून दातांचे डॉक्टर. ते खुर्चीत बसतानाही हेल्मेट काढत नसत.

"हात वर करा. चालकाच्या डोळ्याला डोळा भिडवा. तो थांबला की पाऊल टाका. आणि लक्षात ठेवा, एकदा टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही. अर्धं पुढे अर्धं मागे करणाराच गाडीखाली येतो. एकेकट्याने जायचं नाही, घोळक्याने जायचं. सायकलवाल्यांनी वळण्याआधी हात लांब करायचा."

"किती लांब?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागच्याला दिसेल एवढा."

"आणि डोळा भिडवूनही तो थांबला नाही तर?" आईने विचारलं.

"तुझ्या नजरेपुढे बाबा थांबायचे. ड्रायव्हर काय चीज आहे?"

सगळे हसले. आई हसली नाही. ती नजरेचा सराव करत होती.

शनिवार.

आई सगळ्यांत पुढे. हातात मावशीसाठी विणलेला स्वेटर. मागे अख्खा वर्ग. पलीकडे मावशी खाली येऊन उभी, तिच्या शेजारी इंजिनीअरबाई.

आईने हात वर केला. मोटार गेली. टेम्पो गेला. मोटारसायकलवाल्याने उलट हात हलवून दाखवला, जणू ओळखच आहे. मग आली बस. आईने ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडवला. बस थांबली.

बरोबर पट्ट्यांवर. आणि दार उघडलं.

"चढा पटकन," कंडक्टर म्हणाला.

"आम्हाला समोर जायचंय."

"समोरच चाललोय. मागे कोण जातंय?"

"अहो, बहिणीकडे."

"सगळे कुणाकडे तरीच जातात, आजी. पाय टाका."

आता, समोर वाहन थांबलेलं, चालकाची नजर मिळालेली, कानावर 'पाय टाका'. आईने पाय टाकला. तो पायरीवर पडला.

"आई, मागे घे!" मी ओरडलो.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. वर्गात सगळ्यांत ढ कोण, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

"टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही," ती म्हणाली आणि चढली.

घोळक्याने जायचं, हेही मीच शिकवलं होतं. अख्खा वर्ग चढला. रांगेत, एकमेकांना आधार देत. बस गेली.

डॉक्टर म्हणाले, "मी आणतो त्यांना," आणि सायकलवर बसून वळण्याआधी, नियमाप्रमाणे, मागच्याला दिसेल एवढा हात लांब केला. मागची बस थांबली.

"सायकल आत घेता येणार नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"मी वळतोय."

"मग वळा की. हात कशाला दाखवता?"

मला पलीकडे इंजिनीअरबाईंना सगळं समजावून सांगायचं होतं.

"बाई, हे लोक

(पाण्याचा टँकर)

चुकून

(ट्रक, त्यामागे ट्रक)

तुम्ही कृपा करून

(वरात निघाल्यासारखी वाहनं)"

त्यांनी कानामागे हात धरला. मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं.

मग मी धावलो. थांबलेल्या बसच्या पुढून, पट्टे सोडून, उजवीकडे न बघता, डावीकडे न बघता. हातभर अंतरावर एक गाडी करकचून थांबली. चालकाने माझ्या पूर्वजांबद्दल थोडक्यात मत दिलं.

"अरे, तू तर हे शिकवतोस ना?" मावशी म्हणाली.

"सकाळपासून रस्ता ओलांडणारे तुम्ही एकटेच," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "तेही असे."

"पण बाई, वाहनं थांबली."

"थांबली ना. दोन्ही बसच होत्या. लोकांनी हात केला, बस थांबली, शिस्तीत चढले. इतकी स्पष्ट मागणी मी नोकरीत पाहिली नाही."

हात दाखवून अवलक्षण.

पट्टे पुसले गेले. त्या जागी बसथांबा आला. पलीकडेही एक. पट्ट्यांसाठी माझे अर्ज चालू आहेत, मी सोडणार नाही.

आई? ती त्याच दिवशी दुपारी मावशीच्या दारात उतरली. शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, आणि तीच बस पलीकडच्या बाजूने परत आली. स्वेटर मावशीला बरोबर बसला. आता आई एक दिवसाआड जाते. पाऊण तास लागतो, खिडकीची जागा मिळते. संध्याकाळी मावशीकडच्या थांब्यावरून बसते, दुसऱ्या टोकाला वळसा घालून आपल्या दारात उतरते. हात कुणाचाही धरत नाही.

"रस्ता न ओलांडण्याहून सुरक्षित काय असतं, सांग," ती विचारते.

वर्ग चालू आहे. गर्दी वाढली आहे. हल्ली आई शिकवते. मी खुर्च्या लावतो, आणि सरावाच्या वेळी बस होतो.