साळूबाईंचा नवस, अंगदरावांची छाती

जालन्याच्या दवाखान्यात अंगदरावांच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकणं चाललं होतं, तेव्हा बाहेर व्हरांड्यात साळूबाईंनी पदर पसरून खडकाईला नवस बोलून टाकला. "आई, यांना वाचव. हे स्वतःच्या पायानं, अनवाणी, वाटेत कुठं न बसता तुझा डोंगर चढून येतील." सोपं काही बोललं तर देवी ऐकायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हृदयाच्या रोग्याच्या नावानं आपण डोंगर बोललो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अंगदराव शुद्धीवर येऊन चहा मागत होते.

पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. खडकाईचा डोंगर धावडा गावाच्या पलीकडं. तीनशे पायऱ्या, म्हणजे फार नाहीत. पण अशा उभ्या की चढणाऱ्याचा गुडघा त्याच्याच हनुवटीला लागावा. डॉक्टरांनी पहिल्या दोन वेळा सरळ हाकलून दिलं. तिसऱ्या खेपेला साळूबाई तिथंच रडायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "बरं, जा. पण दर वीस पायऱ्यांना पाच मिनिटं बसायचं. नुसतं उभं राहून भागणार नाही. नाही बसलात तर परत माझ्याकडं आणू नका, आणण्यासारखं काही उरणार नाही."

"म्हंजे बसलो तर देवी मारती, न्हाई बसलो तर मी आपोआप मरतो," बाहेर आल्यावर अंगदराव म्हणाले. "बराबर कोंडीत पकडलं साळू तू मला."

"मंग काय फेडायचाच न्हाई? भावजींचं काय झालं, इसरले का?"

विसरतील कसे! थोरले भाऊ मच्छिंद्रराव याच खडकाईचा नवस तीन वर्षं 'पुढल्या साली बघू' म्हणत राहिले आणि एका सकाळी दात घासता घासता गेले. त्यांच्या ओठांवरची राखुंडी अंगदरावांनी आपल्या हातानं पुसली होती. तेव्हापासून ते देवीशी वाद घालत नसत.

माघातल्या एका सकाळी मुलगा कल्याण त्यांना गाडीत घालून पायथ्याशी घेऊन आला. तो जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत होता आणि सुट्टी टाकून आला होता. पायथ्याला गोजरबाईंचं नारळाचं दुकान. म्हातारी चाळीस वर्षं तिथं बसलेली. नवसातली अडचण पुजारीसुद्धा तिलाच विचारायचा.

"आजी, खुर्चीत घालून नेलं तर?" कल्याणनं विचारलं.

"काय बोलल्ते?"

"स्वतःच्या पायानं, अनवाणी, न बसता," साळूबाईंनी सांगितलं.

"मंग खुर्ची कशी चालंल? देवी तोंडातला शब्द घेती बाई, मनातला न्हाई." गोजरबाईंनी पानाची पिंक टाकली. "झोपायचं न्हाई, असं बोलल्ते का?"

"झोपायचं कशाला बोलू? डोंगरावर कोण झोपतंय?"

"मंग झोपा की."

झालं! वीस पायऱ्या झाल्या की अंगदरावांना आडवं करायचं ठरलं. पण उभा माणूस मधे न बसता आडवा कसा होणार? शेवटी कल्याणनं मागून काखेत हात घातले आणि बापाला फळीसारखं मागं झुकवत पायरीवर उतरवलं. साळूबाई खालून ओरडत होत्या, "कंबर वाकू देऊ नको! बूड टेकलं, बूड टेकलं!"

"आई, तू गप राह्य. मला जड होऊन राह्यलेत."

उचलतानाही तीच तऱ्हा. चौथ्या वेळी कल्याणची पाठ धरली. साळूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, त्यात डोक्यावर नैवेद्याची पाटी. त्या मागं पडत गेल्या. सातव्या वेळेपर्यंत ऊन चढलं होतं आणि बाटलीतलं पाणी संपलं. कल्याणनं बापाला आडवं केलं, ऊन लागू नये म्हणून तोंडावर पांढरं उपरणं टाकलं आणि तो वरच्या टाक्यावर पाणी आणायला पळाला.

उपरण्याखाली अंगदराव छातीवर हात ठेवून ठोके ऐकत होते. प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येईपर्यंत त्यांना भीती वाटत होती. तेवढ्यात वरून भोकरदनचे कापडवाले गोपीकिशनजी आणि त्यांच्या पत्नी लाडबाई दर्शन करून उतरत आले. समोर पायरीवर झाकलेला माणूस. दोघांनी चपला काढल्या. लाडबाईंनी प्रसादातलं झेंडूचं फूल त्याच्या छातीवर ठेवलं. अंगदरावांना ते जाणवलं, पण पाच मिनिटं झाली नव्हती आणि बोलण्यात दम घालवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते गप्प पडून राहिले.

खाली वळणावर गोपीकिशनजींना साळूबाई भेटल्या. "बहेनजी, जरा संभाळून चढा. वर एक म्हातारा गेला बिचारा. झाकून ठेवलाय."

पाटी गडगडत खाली गेली. साळूबाईंनी एकच किंकाळी फोडली आणि त्या जागच्या जागी कोसळल्या.

ती किंकाळी अंगदरावांनी ओळखली. ते कसे उठले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उपरणं गळ्यात, छातीवरचं फूल मुठीत, अशा अवतारात ते धडाधडा पायऱ्या उतरत आले. मेलेला माणूस पळत येताना बघून गोपीकिशनजी मटकन खाली बसले. त्यांचा काही नवस नव्हता.

साळूबाईंचे डोळे पांढरे झाले होते, दातखीळ बसली होती. "साळू! ए साळू! मी हाय ना, बघ की!" बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एवढी गप्प त्यांनी कधी पाहिली नव्हती. वर कळसाकडं बघत त्यांनी हात जोडले आणि भडाभडा काहीतरी बोलून टाकलं. लाडबाईंनी आपल्या तांब्यातलं पाणी साळूबाईंच्या तोंडावर मारलं.

साळूबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडं बघत त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "उठताना बसले तर न्हाई ना?"

"न्हाई. सरळ पळतच आलो."

कल्याण पाणी घेऊन परतल्यावर उरलेला डोंगर तिघांनी तसाच झोपत-उठत कसाबसा चढला. वर नारळ फुटला. साळूबाईंनी देवीपुढं डोकं टेकलं आणि सहा महिन्यांचं सगळं रडून घेतलं. "फिटलं बाई," त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या. "सुटलो आपण."

अंगदराव पायथा सोडल्यापासून पहिल्यांदाच बसले होते. पण चेहरा काही सुटलेल्या माणसाचा नव्हता. "साळू, तू पडल्ती ना, तवा मी एक बोललो."

"काय बोलले?"

"तू उठली तर पुढल्या माघात तू हा डोंगर चढशील."

"चढीन की."

"अनवाणी. न बसता."

साळूबाईंनी आपल्या गुडघ्यांकडं बघितलं. मग त्यांना आठवलं. "झोपत झोपत येईन. कल्याण हाय."

अंगदरावांनी मान खाली घातली. "न झोपता. न टेकता. कुणाचा हात न धरता."

"अव, काहून?"

"आपण तिला शब्दात पकडून चढलो म्हणून तिनं तुला पाडलं, असं वाटलं मला. म्हणलं, या बारीला पक्कं बोलावं. कुठं फट ठेवली न्हाई." त्यांनी साळूबाईंचा हात धरला. "तुझ्याबिगर मला एक दिस बी राहायचं न्हाई साळू. लई भ्यालो मी."

साळूबाई त्यांच्याजवळ सरकल्या. मग पदरानं त्यांचे डोळे पुसले, स्वतःचे पुसले, उठल्या आणि गाभाऱ्याकडं तोंड करून तोच पदर पसरला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

"ए! काय बोलून राह्यली? बिलकुल बोलू नको!" अंगदरावांनी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पण बोलून झालं होतं.

साळूबाईंनी नवऱ्याचा हात हळूच बाजूला केला आणि पाठ धरून उभ्या असलेल्या कल्याणकडं, मग त्याच्या पायांकडं बघितलं.

"बूट काढून चालायची सवय कर रे बाबा," त्या म्हणाल्या.