संदेशवाल्यांचा बिल्ला

हवालदार सिद्धनाथला एक खुर्ची हवी होती. एवढंच. सोलापुरात दर उन्हाळ्यात जुन्या फौजींचा मेळावा भरे. ज्यांनी बंदूक चालवली ते खुर्च्यांवर बसत. ज्यांनी महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत नुसते निरोप पोचवले ते खाली जमिनीवर, आचाऱ्यांशेजारी. सिद्धनाथ आरशाने उन्हाची तिरीप पाडून कोसन्‌कोस निरोप धाडायचा. कोणी विचारलं तर बायको केराबाई सांगे, "व्हय, गेलते की लढायला. आरसा घिऊन."

एकोणतीस सालच्या मेळाव्याआधी त्याने ठरवलं, निरोपवाल्यांपैकी उरलेल्या तिघांनी कोटावर एकसारखा कापडी बिल्ला लावायचा. बिल्ला बघून तरी कोणी खुर्ची देईल. मंद्रूपच्या गुरप्पाने लढाईत तारा ओढल्या होत्या, मोडनिंबच्या चन्नप्पाने निशाणं हलवली होती. काम संगप्पाला दिलं. संगप्पा बैलांच्या झुलींवर कशिदा भरायचा. काय भरायचं ते ज्याने त्याने त्याला कार्डाने कळवायचं ठरलं.

पहिलं कार्ड, सिद्धनाथचं: आरसा.

दुसरं, गुरप्पाचं: तारेचं रीळ. खाली खेचर. खेचराशिवाय रीळ जात नसे.

तिसरं, चन्नप्पाचं: निशाणं दोन.

तिघांच्या अंगात फौजेचा एक नियम मुरला होता. निरोप मिळाला की समोरच्याने तो जसाच्या तसा परत सांगायचा. परत आला नाही, म्हणजे पोचला नाही. पुन्हा धाडा. संगप्पाचाही एक नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते भरायचं, भरलेला टाका उसवायचा नाही, जागा संपली तर कापड जोडायचं. कार्डाला उत्तर लिहिणं त्यात बसत नव्हतं.

चौथं: आरसा.

पाचवं: रीळ, खेचर.

सहावं: निशाणं दोन.

सातवं: उत्तर का नाही?

(हे संगप्पाने भरलं नाही. कसं भरावं ते उमगेना.)

आठवं: आरसा.

असं महिनाभर.

मेळाव्याच्या सकाळी तिघे सिद्धनाथच्या घरी जमले. संगप्पा खांद्यावर वळकटी घेऊन आला आणि ती अंगणात पसरली: झुलीएवढा एकच बिल्ला. तीन खेचरं, चार आरसे. निशाणं मोजायचं त्राण कोणात नव्हतं.

"ह्यो छातीवर लावायचा हुता, संगप्पा," सिद्धनाथ म्हणाला.

"कंच्या कार्डात लिवलंय?"

संगप्पाने जपून आणलेला कार्डांचा गठ्ठा तिघांनी चाळला. माप कुठल्याच कार्डात नव्हतं. आयुष्यभर एक अक्षर न गाळता निरोप पोचवलेली माणसं एकमेकांकडे न बघता उठली. टाकून जावं तर संगप्पाच्या डोळ्यांतली जागरणाची लाली दिसत होती. वळकटी उचलली आणि निघाले.

मेळाव्यात खुर्च्या भरलेल्या. कारकुनाने मान वर न करता जमीन दाखवली. ती तव्यासारखी तापली होती. गुरप्पा बराच वेळ उभा राहिला, मग त्याने बिल्ला अंथरला. तिघे बसले. पाठ टेकायला काही नव्हतं, पण बूड भाजत नव्हतं.

साहेबाचं भाषण लांबलं. ऊन वर आलं. खुर्च्या लोखंडी होत्या. पहिल्या रांगेतले सुभेदार रुद्रप्पा आधी एका बाजूला कलले, मग दुसऱ्या, मग उठून हळूच खाली आले.

"सरका की जरा," ते म्हणाले.

सिद्धनाथने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"लडाईत काय काम हुतं तुमचं?"

"काम म्हंजे? बंदूक."

सिद्धनाथने उरलेल्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी थकल्या माना डोलावल्या.

"कडंच्या खेचरावर बसा," तो म्हणाला. "आरशावर पाय ठिवू नका."