पाळणा हाताने फिरवण्याबाबत

कर्मचाऱ्यांनी वर्षातून एक दिवस आनंदी व्हावे, असा आदेश वरून आला, तेव्हा नोंदणी कार्यालयात थोडी धावपळ उडाली. आदेशासोबत विहित नमुना होता : 'आनंद प्राप्त झाल्याबाबतचे प्रमाणपत्र', दोन प्रतींत. आनंद किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला आणि तो समाधानकारक होता काय, एवढेच भरायचे होते. साहेबांनी शनिवार ठरवला, बस ठरवली आणि गावाबाहेरची करमणूक बाग ठरवली. कोणाला आनंद नको असल्यास लेखी कारण द्यावे, असेही कळवले. कोणी दिले नाही.

अडचण फक्त आवक-जावकच्या बाईंची होती. त्याच शनिवारी पाच वाजता त्यांच्या लेकीच्या शाळेत नाटक होते आणि लेक त्यात झाड होती. झाडाला बोलायचे काही नव्हते, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहायचे होते, म्हणजे काम मोठेच. खोड शाळेने दिले होते, पाने आईने आणायची होती. लांबच लांब हिरव्या फितीवर साठ कापडी पाने टाचायची, ती फीत लेकीला गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत गुंडाळायची. शेवटची पंधरा पाने बाईंनी बसच्या धक्क्यांत, बोटाला सुई टोचून घेत टाचली.

साहेब म्हणाले होते, "बाई, अर्ध्या दिवसाची रजा देता येते. अर्ध्या दिवसाचा आनंद कसा देऊ? आदेशात तशी तरतूद नाही." पण बाईंचा चेहरा पाहून ते विरघळले. आकाशपाळण्यातला सामूहिक फोटो अहवालाला जोडायचा होता. तो झाला की साडेतीनला निघा, असे त्यांनी तोंडी सांगितले. तोंडी, हे बाईंनी मनात टिपून ठेवले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी फोटो निघाला आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. गाणी थांबली. तळ्याकाठचा प्लास्टिकचा हत्ती सोंड वर करून राहिला. आकाशपाळणा एक कर्रर्र आवाज करून थबकला, तो नेमका साहेब आणि बाई बसलेला डबा सर्वांत वर असताना. पाळणा फार मोठा नव्हता, चौमजली इमारतीएवढा असेल. साहेबांनी डोळे मिटून घेतले. इतर डब्यांतल्या कर्मचाऱ्यांना वाटले, साहेब विचार करताहेत.

खालून पाळणेवाल्याने हाक दिली, "घाबरू नका हो! हाताने फिरवायचा दांडा आहे. एका बाजूने मी लावतो, दुसऱ्या बाजूने कोणीतरी एक जण लावा. दहा मिनिटांत सगळे खाली."

जमिनीवर कार्यालयाचे एकटे शिपाईकाका होते. सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला राखत बसले होते. ते तत्परतेने उठले, बाह्या सारल्या, दांड्याला हात घातला आणि तिथेच थांबले. एकदा पाऊस आत येतो म्हणून त्यांनी न विचारता खिडकी लावली होती, त्याचा खुलासा दोन महिने चालला होता.

"साहेब," त्यांनी वर पाहून विचारले, "तसा आदेश आहे का?"

साहेबांनी डोळे न उघडता लेखी आदेश देण्याचे मान्य केले. बाईंनी प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिला, साहेबांनी चाचपडत सही केली. आता कागद नुसता खाली टाकला तरी चालले असते. पण नंबर नसलेला कागद एकोणीस वर्षांत बाईंच्या हातून गेला नव्हता. प्रमाणपत्रे जागच्या जागी नोंदवून घेता यावीत म्हणून रजिस्टर आणि शिक्का त्यांनी सहलीलाही आणला होता. त्यांनी जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि कागद वाऱ्यावर उडू नये म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यासकट पानांच्या फितीला बांधून खाली सोडला.

काकांनी तो दोनदा वाचला. "जावक झालंय, बाई. पण आवक कुठं झालंय? पत्र आल्याची नोंदच नाही, तर ते मला मिळालं कसं?"

आवकचा शिक्काही बाईंकडेच होता. कागद वर आला, शिक्का लागला, पुन्हा खाली गेला. येता-जाता फीत पाळण्याच्या लोखंडी खिळ्यांत अडकत होती आणि दर खेपेला सात-आठ पाने तिथेच राहत होती. बाई पाहत होत्या. पण कागद बरोबर चालला होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

मग काकांनी निदर्शनास आणले, की पाळणा फिरवावा असे म्हटले आहे, कोणत्या दिशेने ते म्हटलेले नाही. कागद वर आला. 'खाली येण्याच्या दिशेने' अशी दुरुस्ती झाली. त्यावर सर्वांत खालच्या डब्यातल्या टंकलेखकाने हरकत घेतली. वरचे खाली येणार म्हणजे खालचे वर जाणार. त्याचे पाय जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबकळत होते.

पाळणेवाला म्हणाला, "अहो, मग तुम्ही उतरा की."

"फेरी पूर्ण झाल्याशिवाय कसा उतरू?" टंकलेखक म्हणाला. "हजेरीत मी पाळण्यावर आहे."

त्याची ना-हरकत घ्यायला कागद पुन्हा निघाला. पाळणेवाला दांड्यावर बसून शेंगदाणे खाऊ लागला.

सव्वाचार वाजले. शाळा अर्ध्या तासावर होती. फितीवर अकरा पाने उरली होती. बाईंनी ती मोजली आणि एकोणीस वर्षांत प्रथमच नियमबाह्य आवाजात त्या ओरडल्या,

"काका, फिरवा हो! माझी मुलगी झाड आहे!"

काकांनी कागदाची घडी खिशात घातली.

"मग हे आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले आणि दांड्याला भिडले.

नऊ मिनिटांत सगळे खाली आले. साहेबांनी जमिनीला पाय लागल्यावर डोळे उघडले आणि परिस्थिती आटोक्यात असल्याचे जाहीर केले.

बाई शाळेत पोचल्या तेव्हा घंटा झाली होती. पडद्यामागे लेक बोडक्या खोडात उभी होती. तिने फीत हातात घेतली, आईकडे पाहिले, पुन्हा फितीकडे पाहिले.

"बाकीची गळली?"

"गळली गं."

"असू दे. मी पानगळीचं झाड होईन."

आणि नाटक चालू असताना, कोणी न सांगता, तिने एकेक पान तोडून अलगद खाली सोडले. राजाच्या लांबलचक भाषणाकडे मग कोणाचे लक्ष राहिले नाही. शेवटच्या पानाला टाळ्या पडल्या. बाई पहिल्या रांगेत बसून रडत होत्या आणि हसत होत्या. प्रमाणपत्रात त्यांनी आनंदाची सुरुवात पाच वाजून बारा मिनिटे अशी लिहिली. ती वेळ सहलीच्या हद्दीबाहेरची असल्याने प्रमाणपत्र शेरा मारून परत आले.

सोमवारी काकांकडून पाळणा अपुऱ्या आदेशावर फिरवल्याबद्दल खुलासा मागवण्यात आला. त्याचा जावक क्रमांक बाईंनीच टाकला, आणि काकांसाठी खुलासाही घरून सुवाच्य अक्षरात लिहून आणला.

मंगळवारी कार्यालयाच्या खिडकीवर पाळणेवाला उभा. नाव दुरुस्तीचा अर्ज होता त्याचा, पाचवी खेप. तेवढ्यात वीज गेली आणि संगणक मिटला. बाईंच्या तोंडून सवयीने निघाले, "लाइट नाही. उद्या या."

त्याने वाईट वाटून घेतले नाही. खिडकीतून आत वाकून टेबलावरच्या जुन्या रजिस्टरकडे, पेनाकडे आणि लख्ख उन्हाकडे पाहिले.

"हाताने नाही का फिरवता येत, बाई?"

बाईंनी रजिस्टर ओढले, पेनाचे टोपण काढले आणि अर्ज हाताने नोंदवायला घेतला.

इतक्यात रांगेतून आवाज आला, "ओ मॅडम, असं हातानं लिहिलेलं पुढं चालतं का? वरून आदेश आहे का तसा? आम्हाला आपली छापील पावतीच द्या, आम्ही थांबतो."

बाईंनी मान उंचावून पाहिले. रांगेत तिसरे कोण उभे होते, ते त्यांना दिसले. वाचकहो, आपणही चेहरा लगेच ओळखाल. सकाळी दाढी करताना किंवा टिकली लावताना आरशात तोच असतो.