गुरुजींचं चौथं बोट

शरणाप्पा गुरुजींना कुणी "घरी या" म्हटलं की ते हाताची चार बोटं वर करतात. समोरच्याला वाटतं, चार माणसं येणार. तसं नाही. पुढं-मागं हे एक बोट, डावं-उजवं दुसरं, वर-खाली तिसरं. "आन् चौथं वेळेचं. त्याच्याबिगर पत्ता पुरा होत न्हाई."

गुरुजी खजुरीतले आमचे शेजारी. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. सून चहाला हाक मारते, तर हे विचारतात, "तीन बोटं कळली, चौथं सांग."

"आत्ता, मामा! चहा निवायलाय."

एकदा मला ओट्यावर गाठलं. "अक्का, आपण खजुरीत हाव म्हणून आळंद काय नाहीसं होतंय? गेलेला दिवस तसाच. तो आपल्या जागी हायेच. आपणच पुढं आलोय."

मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हटलं, "आळंदला बस जाते, गुरुजी. गेलेल्या दिवसाला कुठली जाते?"

गुरुजी घराकडं वळले. त्यांची बायको महादेवी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पुढं येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप उभारायची, आत पूजा करायची, मग भज्जी आणि आंबील. गुरुजींच्या लेकानं, बसवराजनं, त्या साली कोप रस्त्याकडेला घातली. पाहुण्यांच्या गाड्या लावायला सोपं. आम्ही सगळे सावलीत आणि गुरुजी ताट घेऊन लांब बांधाजवळ, भर उन्हात. पोरं खिदळायला लागली.

मी जाऊन विचारलं, "हितं कामून तापायलात?"

"मागच्या साली कोप हितं होती. महादेवी माझ्या उजव्या हाताला बसली होती." त्यांनी चार बोटं वर केली आणि एक मिटलं. "तीन जुळली, अक्का. चौथं काय जुळंना."

मी तिथूनच ओरडले, "बसवराज, पुढच्या साली कोप जुन्या जागी घाल! पाहुण्यांना चालू दे जरा. पाय झिजत न्हाईत!"

यंदा त्यानं तिथंच घातली. मी आंबिलाचं गाडगं घेऊन आत शिरले आणि गुरुजींच्या उजवीकडं जागा दिसली तिथं टेकले. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, जरा घुटमळले.

"अक्का, हातभर सरका."

मी गाडगं उचललं आणि सरकले.