टिटवी सिस्टर आणि शून्य रुग्णांचं खोरं

एक जंगल होतं, बाळांनो. तिथे सिंहमहाराज राज्य करत. म्हणजे बहुतेक वेळ झोपत आणि जाग आली की परिपत्रक काढत.

एकदा त्यांना जाग आली. त्यांनी परिपत्रक काढलं : "होळीच्या आत प्रत्येक पिल्लाला लालतापाची लस टोचावी. शंभर टक्के." आणि ते कुशीवर वळले.

परिपत्रक आरोग्य अधिकारी कोल्हेसाहेबांकडे आलं. त्यांच्या हाताखाली दोन खोरी होती. पळसखोऱ्यात नर्सची जागा सात वर्षं रिकामी होती. करवंदखोऱ्यात मात्र एक टिटवी होती, सगुणा नावाची. पिल्लं तिला सगुणा सिस्टर म्हणायची आणि ती दिसली की पळून जायची.

साहेबांनी तिला बोलावलं.

"सिस्टर, तुमच्याकडे पिल्लं किती?"

"परवापर्यंत चाळीस होती, साहेब. पण त्यात ससे आहेत. आज नक्की सांगता येणार नाही."

"प्रत्येकाला टोचायचं. टोचतानाचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. फोटोत पिल्लू हसलं पाहिजे."

"टोचताना कोण हसतं, साहेब?"

"ते तुम्ही बघा."

"आणि खोऱ्यात रेंज नाही."

"मग टेकडी चढा. टेकडी शासनाचीच आहे."

सगुणा लसीचा थंड डबा घेऊन निघाली. तिला पंख होते, पण डबा जड होता. म्हणून ती चालतच गेली. वाटेत तिनं हिशेब केला. फोटोसाठी रोज टेकडी चढत बसलं, तर पिल्लं संपायच्या आत डब्यातला बर्फ वितळणार. बर्फ वितळला की लस म्हणजे नुसतं पाणी. एक तर फोटो होईल, नाहीतर टोचणं होईल.

तिनं टोचायचं ठरवलं. चूक तिथेच झाली, पण ते पुढे कळेलच.

माकडिणींनी पिल्लं झाडाच्या शेंड्यावर नेऊन बसवली. ती भुकेनं खाली येईपर्यंत सगुणा बुंध्याशी बसून राहिली. घुबडांनी दार उघडलं नाही, कारण दिवसा ते कुणालाच उघडत नाहीत. म्हणून ती रात्री परत गेली. ससेबाईंची सहा पिल्लं टोचून झाली, तेव्हा त्यांनी आतून आणखी तीन आणली. असं करत करत आठ दिवसांनी एकच पिल्लू उरलं. भागाबाई साळिंदरिणीची झिपरी.

भागाबाई बिळाच्या तोंडाशी आडव्या उभ्या होत्या.

"नको हो सिस्टर. सुई बघितली की मला घेरी येते."

सगुणानं त्यांच्या पाठीवरच्या वीतवीत काट्यांकडे पाहिलं. पण तिनं हसू आवरलं. नोकरीत बारा वर्षं झाली होती तिला.

"तुम्हाला नाही टोचायचं. झिपरीला टोचायचंय."

"तिला ताप आला तर?"

"आला तर एक दिवस. जवळ घ्या, पाणी पाजत राहा. पण लालताप आला तर तीन आठवडे हटत नाही. आणि कधीकधी जाताना लेकरू घेऊन जातो."

भागाबाईंनी बिळात वळून पाहिलं.

"माझ्या पळसखोऱ्यातल्या बहिणीचा धाकटा तसाच गेला," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा कुणी आलंच नव्हतं टोचायला."

"म्हणून तर मी आलेय," सगुणा म्हणाली. डब्यात बर्फाचा शेवटचा खडा उरला होता.

भागाबाई बाजूला झाल्या. सगुणा आत गेली. झिपरीनं सुई पाहिली आणि भीतीनं सगळे काटे फुलवून ती उलटी धावली. अकरा काटे सगुणाच्या पायात आणि छातीत रुतले.

टिटवीची जात ओरडण्यात पटाईत. पण सगुणा ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

झिपरी जवळ आली. "दुखलं?"

"दुखलं."

"खूप?"

"अकरा वेळा दुखलं. तुला एकदाच दुखेल."

झिपरीनं विचार केला. मग पाय पुढे केला.

महिनाअखेरीस अहवाल गेले. करवंदखोरं : फोटो नाहीत, सबब लसीकरण शून्य टक्के. पळसखोऱ्याचा अहवाल नर्स नसल्यामुळे साहेबांनी स्वतःच लिहिला होता. शंभर टक्के. अक्षरही सुंदर होतं.

आणि लालताप आला. पळसखोऱ्यात घरोघरी पिल्लं अंगावर लाल चट्टे घेऊन कण्हू लागली. करवंदखोऱ्यात पिल्लं नेहमीसारखी चिखलात लोळत होती. महाराजांना उठवावं लागलं. दरबार भरला.

"पळसखोऱ्यात शंभर टक्के लस दिली ना?" महाराजांनी विचारलं.

"कागद आहे, महाराज," साहेब म्हणाले. "पण तापानं तो वाचला नाही. करवंदखोऱ्याचं बघा. लस शून्य, रुग्णही शून्य. म्हणजे तिथे नर्सची गरजच नाही."

भागाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, माझ्या झिपरीला टोचलंय! मी डोळ्यांनी पाहिलं! म्हणजे, डोळे मिटले होते, पण झिपरीचं ओरडणं ऐकलं!"

"फोटो आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग बसा."

महाराजांना झोप येत होती. त्यांनी निवाडा दिला : जिथे रुग्ण, तिथे नर्स. करवंदखोऱ्यातलं पद रद्द. सगुणाची पळसखोऱ्यात बदली.

सगुणाला राग आला. मग पळसखोऱ्यातून कण्हणं ऐकू आलं, आणि रागवायला वेळच उरला नाही. ती त्याच दिवशी गेली. कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, थेंबथेंब पाणी पाजलं, आयांना धीर दिला. तीन आठवड्यांत पिल्लं एकेक करून उठून बसू लागली. एकही दगावलं नाही.

चौथ्या आठवड्यात कोल्हेसाहेब पाहणीला आले. त्यांनी आजारी पिल्लं मोजली. दोनच भरली. साहेबांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, जरा दमानं घ्या," ते काळजीनं म्हणाले. "आकडा असाच उतरला तर तुमची ही जागाही जाईल हो!"

सगुणा तरसाच्या पिल्लाला पाणी पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"जाऊ द्या, साहेब. जरा सरका, उजेड अडतोय."

तात्पर्य, बाळांनो, नीट पाठ करा : कुणाचं भलं करायचं असेल, तर आधी त्याला थोडं आजारी पडू द्यावं. जे संकट आलंच नाही, ते कुणी टाळलं असं विचारायला जगात कुणाला सवड नसते.