आबांची खुर्ची आणि सर्वदूर वाय-फाय

घरात माणसं नीट बसवायची की वाय-फाय, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला कधी ना कधी ठरवावंच लागतं. आमच्या कुटुंबाने ते रीतसर ठरवलं, याचा मला सार्थ अभिमान आहे.

निमित्त आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. परदेशातल्या ताईचा रविवारी व्हिडिओ कॉल आला की हॉलमधल्या खुर्चीत आबांचं अर्धं कपाळ गोठायचं आणि बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे सरकायचं नाही. आठवडाभर त्याच कॉलची वाट बघणाऱ्या माणसाचे हे हाल बघवेनात, म्हणून समिती नेमली (अध्यक्ष मी, सदस्य बायको, विरोधी पक्ष मुलगी).

आधी एक्स्टेंडर आणला. त्याने शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उत्तम रेंज पोचवली (त्यांचा अभिप्राय : "झकास चाललंय, बंद करू नका"). मग लांब अँटेनांचा राउटर आला. त्यामुळे बाथरूममध्ये अख्खा सिनेमा दिसू लागला, हॉलमध्ये मात्र ठणठणाट. शेवटी एकमेकांना सिग्नल पोचवणाऱ्या तीन डब्यांचा संच निवडला.

तो बसवायला आलेले तंत्रज्ञ मोबाइल पुढे धरून घरभर हिंडले आणि आबांच्या खुर्चीपाशी थबकले.

"मुख्य डबा इथेच. आणि माणसं जरा लांब ठेवा. माणसात पाणी असतं, ते सिग्नल अडवतं."

"मी सकाळपासून नुसता चहा घेतलाय हो," आबा म्हणाले.

समितीने स्वतंत्र पाहणी केली. आबांमुळे हॉलच्या रेंजमध्ये चौतीस टक्के घट होते (शिंकल्यास एकेचाळीस). सबब, खुर्ची डब्याला देण्यात आली. आबांची बदली आधी पॅसेजमध्ये आणि तिथेही ते आड येऊ लागल्यावर, व्यापक हितासाठी, गॅलरीत झाली.

"माझं काही नाही रे, रविवारी तेवढं आत बोलवा," आबा म्हणाले. मागणीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली.

रविवारी कॉल आला. चित्र इतकं लख्ख, की खुर्चीची उसवलेली शिवणसुद्धा ताईला दिसली.

"अगं बाई, केवढं स्वच्छ! पण आबा कुठायत?"

आम्ही फोन घेऊन गॅलरीत धावलो. तिथे ताई गोठली. आबांना आत घ्यावं, तर चौतीस टक्के. शेवटी एकमताने हॉलमधूनच कळवलं, की आबा मजेत आहेत. काचेपलीकडून आबांनी हात हलवला. ताई रडली, आणि खरं सांगतो, तिचा एकही हुंदका तुटला नाही.

तुमच्याकडेही घरभर रेंज येते म्हणता? अभिनंदन! आता जरा गॅलरीत डोकावून या.