वाकळीतलं तांडव

पोखर्णीपासून पूर्णेपर्यंत माझ्यासारखी वाकळ शिवणारी बाई दाखवा, मी तिच्या घरी पाणी भरीन! आमच्या पोलीस पाटलाच्या मुठीतून एखादा गडी सुटेल, पण माझ्या टाक्यातून चिंधी सुटायची नाही.

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते. त्याच दिवशी वाकळ पुरी करायचा माझा बेत होता.

"थंडी गेल्यावर वाकळ!" आमचे हे म्हणाले. "आता पाऊस गेल्यावर घोंगडं घे!"

म्हणू द्या! अंगणात कोवळं ऊन, मांडीवर मऊ लुगड्यांचे थर, हातात सुई आणि ओठांवर देवाचं नाव. वैकुंठ याहून काय वेगळं असणार? त्यात जिंतूरहून आलेले कीर्तनकार भुजंगबुवा आमच्याच घरी उतरलेले! रात्री महादेवाच्या देवळात त्यांचं कीर्तन. मी तर सकाळपासून हवेतच होते. बुवा आंघोळीला नदीवर गेले आणि मी शेवटची बाजू शिवायला घेतली.

शेजारच्या मल्लम्मानं वाकळ चाचपली. "धुरपताबाई, हितं लय पातळ लागायलंय की!"

माझी वाकळ आणि पातळ? बाजेवर चिंध्यांचा ढीग होता. वरचंच एक पांढरं, विरलेलं कापड ओढलं, उघड्या बाजूनं आत सारलं आणि असे दाट टाके घातले की मुंगीनंही वाट विचारावी! मग शेवटच्या कोपऱ्यात कालच्या भाकरीचा तुकडा ठेवला. वाकळ उपाशी शिवली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं आमच्याकडे मानतात.

"गूळ बी घाला," मल्लम्मा म्हणाली. "सणाचा दिवस हाय!"

घातला चांगला लिंबाएवढा खडा! कोपरा बंद केला आणि वाकळ कुंपणाच्या भिंतीवर टाकली.

दिवस मावळला. देवळात टाळ वाजू लागले आणि बुवा बाजेभोवती घिरट्या घालू लागले.

"माय, हितं माझं उपरणं ठिवलं होतं. गुरूंनी दिल्यालं हाय. ते अंगावर असल्याबिगर मी कीर्तनाला उभा राहत न्हाई."

मी चिंध्यांचा ढीग दोनदा उपसला. वर्षभर वाट पाहिलेलं कीर्तन!

"मल्लम्माच्या शेळीनं खाल्लं!" ह्यांनी निकाल दिला.

"वा रं वा!" मल्लम्मा कडाडली. "माझी शेळी शिवरात्र धरती!"

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. मग माझ्यावर आली. मी पदर तोंडात कोंबला.

वाकळ उसवायला बसले. सुईचं टोक मोडलं, नख मोडलं, टाका काही हलेना! कात्री लावावी तर गुरूंचं उपरणं फाटणार. तिकडून निरोपावर निरोप, "गाव जमलंय, बुवा कुठं हायत?"

शेवटी मीच पाय धरले. "बुवा, उपरणं आतच हाय. तुमी वाकळच पांघरा, म्हंजे ते अंगावर आलं का न्हाई?"

बुवांनी डोळे मिटले. गुरूंना विचारलं असावं. मग मुकाट्यानं वाकळ खांद्यावर घेतली.

देवळात आधी खसखस पिकली. पण बुवांनी आलाप घेतला आणि सगळे चिडीचूप. रंग चढत गेला. शंकरानं तांडव मांडल्याची कथा आली, बुवांनी हात उंचावले आणि अचानक टुणकन उडी मारली! मग दुसरी! पाठ काय वळवतात, खांदे काय घुसळतात, गिरकी काय घेतात! मृदंगवाल्याची बोटं मागं पडली. "हर हर महादेव!" सगळं गाव उठून नाचू लागलं. आमचे हे, ज्यांना कीर्तनात हमखास डुलकी लागते, ते सर्वांत पुढं! माझ्या तर डोळ्यांना धारा लागल्या. असं भान हरपलेलं कीर्तन मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आरती झाली. लोक बुवांच्या पायांवर लोळले. माझीही पाळी आली. मी डोकं टेकवलं, तशी बुवांनी वाकळ हळूच माझ्या हातात दिली. कोपऱ्यातून लाल मुंग्यांची रांग निघाली होती. दिंडीसारखी, एकामागं एक, शिस्तीत.

"कीर्तन रंगलं, माय," पाठ खाजवत बुवा माझ्या कानाशी पुटपुटले. "पर पुढच्या खेपंला वाकळीला नुसती भाकर घाला. गूळ नगं!"